व्हर्नाने हेरलेला म्हातारा नर

आमच्या ईली गावात शाळेची बस गेली सव्वीस वर्षं व्हर्ना ऑक्सबरोच चालवते. नवरा रीड जाऊन चार वर्षं झाली. दोघंही दरवर्षी हरणाच्या शिकारीच्या परवान्यासाठी सोडतीत नाव घालायची. परवाना लागला तो यंदा, नवव्या खेपेला, तिला एकटीला.

बातमी कळताच धाकटा दीर डेलमर जीप घेऊन हजर. नर शोधायचं काम माझं, तू ऑक्टोबरात नुसती बंदूक घेऊन ये, म्हणाला. महिनाभर त्याने डोंगरातला एकेक रस्ता पालथा घातला. खेचरासारख्या लांब कानांची हरणं ढिगाने दिसली, पण सगळ्या माद्या नाहीतर कोवळे नर.

शाळेला सुट्टी होती. व्हर्ना पहाटे पायीच वर जायची, झाडं विरळ होतात तिथल्या खोलगट उतारासमोर बूड टेकायची आणि दुपारपर्यंत दुर्बिणीतून बघत राहायची.

"वहिनी, अशी बसून राहिलीस तर गिधाडं उतरतील," डेलमर म्हणाला.

"उतरू देत. त्यांना निदान गप्प बसता येतं."

ऑगस्टात एकदा ती त्यालाही घेऊन गेली. त्याने तासाभरात सुकं मांस संपवलं, दोनदा बूट काढले, तिसऱ्यांदा घड्याळ बघितलं. हा उतार मी पाच वेळा पाहिलाय, इथे काही नाही, असं कुजबुजला. व्हर्ना म्हणाली, ऊन सरकू दे.

साडेअकराला ऊन एका फरच्या झाडाखाली शिरलं आणि तिथला करडा दगड उठून उभा राहिला. चार पावलं टाकून तो पुढच्या सावलीत बसला. शिंगांवर अजून वाढीच्या दिवसांतली मखमली कातडी होती. डेलमर शिंगांची टोकं मोजायला लागला.

"शिंगं राहू देत. पोट बघ, लोंबतंय. पाठ खचलीय, तोंड पांढुरकं. सात वर्षांचा तरी असेल. अगदी तुझ्यासारखा."

"माझं पोट लोंबत नाही."

"बरं. पाठ, मग."

ऑक्टोबरात हंगामाच्या पहिल्याच दिवशी खालून इतर शिकाऱ्यांच्या जीपगाड्या चढल्या आणि नर गायब झाला. डेलमर हिरमुसला. व्हर्नाने दोन दिवस वरच्या गर्द झाडीच्या एकाच कोपऱ्यावर दुर्बीण रोखून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो चरायला बाहेर आला. तिच्या एकाच गोळीत काम झालं. ती त्याच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसली. रीड असायला हवा होता, एवढंच बोलली. मग दोघांनी चार खेपांत मांस खाली आणलं. दर खेपेला डेलमर गुडघ्याच्या नावाने कुरकुरत होता.

रविवारी खानावळीत तो सगळ्यांना सांगत होता, "आम्हाला तो ऑगस्टातच दिसला होता. मी वहिनीला म्हटलं, ऊन सरकू दे."

शेजारी व्हर्ना अंडी खात होती. तिने मीठ मागितलं.