काकू, श्वास रोखा!

"काकू, श्वास रोखा!" दारात बूट काढता काढताच तो हे म्हणायचा.

इथे नेदरलँडमधल्या बेस्ट गावात ऊन पडलं की लोक खुर्च्या घेऊन बागेत धावतात. आमचा हा शेजारी मात्र आमच्या बैठकीत येऊन पडदे ओढायचा. त्याच्या खिडक्या पडल्या उत्तरेला, मग करणार काय! फटीतून उन्हाचा एक पट्टा आत घ्यायचा आणि त्यातली धूळ बघत बसायचा. तुम्हीही बघा कधी. आपण श्वास सोडला की ती कशी पळते!

नागपूरचा पोरगा. विद्यापीठात शनीच्या कड्यांमधल्या धुळीवर काम करायचा.

मी म्हटलं, "धूळच बघायची तर नागपूर काय वाईट होतं रे?"

"ती हवेनं उडते, काकू. कड्यांमध्ये हवाच नाही. तिथं ऊन ढकलते."

"मला नाही कधी ढकललं ते!"

"बारीक कणांनाच ढकलते. मोठ्या धोंड्यांना काहीच होत नाही."

धोंडा म्हणाला मला! वर चहा मागितला.

म्हणे, त्या कणांची गोल वाट उन्हानं हळूहळू अंड्यासारखी लांबट होते. ग्रहाच्या सावलीत शिरले की तेवढ्यापुरता धक्का थांबतो, बाहेर आले की पुन्हा सुरू.

उन्हाळ्यात त्याची नोकरी संपणार होती. दुसरी मिळाली नाही तर परत जावं लागणार होतं. मुलाखतीत आपलं काम थोडक्यात समजावून सांगायचं होतं. तालीम अर्थातच माझ्यापुढे. उन्हाच्या पट्ट्यात तांदळाची पिठी चिमटीनं सोडायचा आणि म्हणायचा, "उन्हाचा धक्का तुमच्या श्वासाहूनही हलका असतो, काकू. पण तो सुटी घेत नाही." मला तर पहिल्याच दिवशी पटलं.

मुलाखतीच्या दिवशी माझ्याकडची पिठीची डबी घेऊन गेला. संध्याकाळी परतला तेव्हा काळा कोट पांढरा झालेला.

"काय रे, काय झालं?"

"ढग आले, काकू. काहीच दिसलं नाही. सगळे माझ्या कोटाकडेच बघत होते."

"अरे, नेदरलँडमध्ये राहून उन्हाच्या भरवशावर गेलास?"

आम्ही पोट धरून हसलो. मग तो कोट झटकत राहिला.

नोकरी मिळाली नाही. जाताना डबी घासून, पुसून परत दिली. आत इथल्याच दुकानातली बिस्किटं होती.

काल छान ऊन पडलं. सूनबाई फडकं घेऊन आली. "आई, टेबलावर केवढी धूळ!"

"थांब गं, पुसू नकोस," मी पडदा ओढत म्हटलं. "आधी श्वास रोख."

बिचारीनं रोखला. फडकं हातात, गाल फुगलेले. मीही रोखला.