उपरणं कुठल्या खांद्यावर

पाचच्या प्रयोगाला अवकाश आहे, म्हणून मी मिरजेच्या नाट्यगृहात मेकअपरूमच्या बाकावर उपरण्याची उशी करून पडतो. आरशाभोवतीचे दिवे पापण्यांतून लुकलुकतात. मग ते दिवे राहत नाहीत, मी एकपात्री करतो त्या युद्धकथेतल्या, समुद्रकाठच्या ग्रीकांच्या शेकोट्या होतात. मिरजेत समुद्र नाही हे मलाही ठाऊक आहे. जन्मभर थापा मारल्या, पण भूगोलाला कधी हात लावला नाही.

शेकोटीशी विसूभाऊ पेडणेकर बसलाय. बत्तीस वर्षं विंगेतून मला वाक्यं पुरवली, गेल्या भाद्रपदात गेला. दाढेखाली लवंग तशीच.

"काय श्रीप्या, अजून एकटाच दोन्ही सैन्यं लढवतोस?"

"दुसरा नट माझं ऐकेल का?"

"आणि तंबूचा प्रवेश गाळतोस."

गाळतो खरा. त्या युद्धकथेच्या शेवटी शहराचा म्हातारा राजा एकटा शत्रूच्या तंबूत जातो, आणि ज्यानं पोराला मारलं त्याच्याकडेच पोराचं प्रेत मागतो. माझं उपरणं डाव्या खांद्यावर असलं की मी ग्रीक, उजव्यावर टाकलं की शहरवाला. पण विसूभाऊ गेल्यापासून तंबूच्या दाराशी माझी वाचाच बसते. आणि आज पहिल्या रांगेत त्याची बायको येणार आहे. सुमनवहिनींनी निरोप धाडलाय, ह्यांच्या आवडीचा तो तंबू बघायचाय.

"वाक्यं आठवत नाहीत रे."

"वाक्यं आठवतात. लाज आडवी येते." तो लवंग या गालातून त्या गालात घेतो. "मला खांदा दिलास म्हणे?"

वाळू गार पडते. आम्ही कृष्णाघाटावर उभे आहोत. समोरून विसूभाऊची तिरडी चाललीय आणि विसूभाऊ माझ्याशेजारी उभा राहून ती बघतोय. त्या दिवशी मी अकोल्यात प्रयोग करत होतो. परत आल्यावर वहिनींना सांगितलं, घाटाशी येऊन तिरडी गाठली, धो धो पाऊस, पाय घसरत होते, तरी खांदा सोडला नाही. बाकीचे भिडेखातर गप्प बसले.

"तिला खरं सांग."

"कुठल्या तोंडानं?"

"राजाच्या. त्याला वैऱ्यापुढे हात पसरायची लाज वाटली?"

"पण तिथं दोघंही रडतात, विसूभाऊ. मारणारासुद्धा. मग उपरणं कुठल्या खांद्यावर घेऊ?"

"बत्तीस वर्षं हेच चुकतोयस, गाढवा. खांद्यावरून काढ. दोन्ही हातांवर पसर. त्यावर माणूस घ्यायचाय."

मी पसरतो. घाट पुन्हा तंबू होतो. उपरणं हळूहळू जड होत जातं, मला पेलवेल इतकंच जड. मी मान वर करतो, तर शेजारी कुणी नाही.

पहिली घंटा होते. मी उठून बसतो. उपरण्याच्या टोकाला गाठ आहे. प्रयोगाआधी विसूभाऊ अशीच मारायचा, मी काही विसरू नये म्हणून. सोडतो, तर आत लवंग. माझ्या तोंडात दाढच नाही, मी कशाला लवंग बाळगू?

दुसऱ्या घंटेला मी रंगवलेल्या तोंडानंच पहिल्या रांगेत जातो. "वहिनी, मी घाटावर नव्हतो."

"ठाऊक आहे, भाऊजी. त्या दिवशी पाऊस कुठं होता?"

मी मूठ उघडतो. त्या लवंग उचलतात, नाकाशी धरतात, बराच वेळ धरतात. मग माझ्या उपरण्याच्या टोकात ठेवून घट्ट गाठ मारतात.