पुढची पस्तीस मिनिटं

मी आयुष्यभर वर्तमानपत्रात बातम्या तपासल्या. दोन साक्षीदार नसले तर छापायचं नाही, ही सवय. भुताखेतांची पत्रं यायची, ती टोपलीत जायची. इथे साक्षीदार आम्ही दोघंच, आणि दोघांचं म्हणणं जुळत नाही… तरी लिहितो.

निजामी अमलातली शेवटची तीन-चार वर्षं. गाव हसनाबाद, भोकरदन तालुका. माझे चुलते तात्या निवृत्त गणित मास्तर. त्यांना आकाशाचे फोटो काढायचा नाद होता. खळ्यावर लाकडी घोडी, त्यावर दुर्बीण आणि कॅमेरा. तारे सरकतात, म्हणून दुर्बिणीत एक तारा धरून ठेवायचा आणि दर दहा सेकंदांनी हाताने स्क्रू फिरवायचा. उजेड चालत नाही, म्हणून सेकंद दुसऱ्याने मोठ्याने मोजायचे. वेळ भरली की मोजणाऱ्याने ‘झालं’ म्हणायचं. मगच कॅमेरा बंद.

आधी काकू मोजायच्या. शंभर झाले की पुन्हा पहिल्यापासून; पण धान्य मापताना म्हणतात तसं ‘एक’ऐवजी ‘लाभ’. काकूंना जाऊन दोन पावसाळे झाले होते.

त्या माघात तात्यांकडे फोटो उमटवायची एकच काच उरली होती. युद्धामुळे नवी मिळत नव्हती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. पुढच्या हिवाळ्यात तारा दिसेल याची खात्री नव्हती. मृगाच्या पट्ट्याजवळचा लाल तेजोमेघ त्यांना लाल फिल्टरमधून टिपायचा होता. एवढी एकच संधी.

“बिनफिल्टरची पंधरा मिनिटं, फिल्टरला चौपट. म्हणजे साठ,” मी म्हणालो.

“पेपरवाल्याला सगळ्याचीच घाई! अरे, मंद उजेडाला हा हिशेब लागत न्हाई. काच थकती. नव्वद पाहिजेत.”

“तुमचे डोळे नव्वद टिकतील का, तात्या?”

“…न्हाई. तासात पाणी येतं. लाव मंग साठच.”

आठ वाजून पाच मिनिटांनी कॅमेरा उघडला. मी ‘एक’पासून मोजू लागलो. तेहतिसाव्या शंभरात कडब्याची धूळ घशात गेली आणि जोराचा खोकला आला. घोडी हलू नये म्हणून मी उठून विहिरीकडे गेलो. तिथे काडी ओढून घड्याळ पाहिलं — नऊ. साठाला पाच मिनिटं बाकी, आणि मोजणं तुटलं. काच वाया गेली असं धरून मी परतलो.

तात्या मात्र दुर्बिणीला डोळा लावून शांतपणे स्क्रू फिरवत होते. आता ते मनात मोजत असतील, असं मला वाटलं. मध्ये बोलायचं नाही हा नियम होता. मी गप्प बसलो. साठ उलटून गेली, तरी ते थांबले नाहीत. स्वतःच्या नव्वदीसाठी अडून बसलेत, असा माझा समज.

नऊ पस्तीसला त्यांनी कॅमेरा बंद केला.

“काऊन रे, साठ ठरले व्हते ना?” तात्याच मला विचारत होते. “इतक्या उशिरा ‘झालं’ म्हणलास?”

“मी कुठं म्हणलो? खोकला आल्ता तवाच मोजणं थांबलं माझं.”

“चेष्टा नको करू.”

“शपथ, तात्या. मी विहिरीवर गेल्तो.”

त्यांनी दुर्बिणीवर फडकं टाकलं. मग हळू आवाजात म्हणाले, “खोकल्यानंतर तू ‘लाभ’ म्हणून राह्यला व्हतास. मला वाटलं, तिची नक्कल करतो.”

“आवाज कसा होता?”

“ताऱ्याकडं लक्ष व्हतं माझं.”

काच आम्ही त्याच रात्री गोठ्याच्या अंधारात धुतली. तेजोमेघ स्पष्ट आला होता. सगळे तारे गोल टिंबं — एकही रेघ नाही. मोजल्याशिवाय स्क्रू इतका अचूक फिरत नाही. मी नंतर घड्याळ लावून, न मोजता स्क्रू फिरवून तीनदा पाहिलं; जमलं नाही. डोळ्यांना पाणी का आलं नाही, हेही सांगता येत नाही. विहिरीवरून परतल्यापासून मी खळ्यावरच होतो, दहा पावलांवर. मला कडब्याच्या सळसळीखेरीज काही ऐकू आलं नाही.

तात्यांनी ती काच कोणालाच दाखवली नाही. सकाळी चहा पिताना एवढंच म्हणाले —

“तूच हायेस असं वाटलं रे. न्हाईतर नीट ऐकलं असतं.”