हौसाआत्याचं सोसन

माझा आतेभाऊ गणपत शाळेच्या फाटकाशी सायकल धरून उभा दिसला, तशी मी वर्ग सोडून बाहेर आले. पिंपरीच्या नव्या कारखान्यातली पाळी सोडून तो भर दुपारी चिंचवडला माझ्याकडे कशाला येईल? "आई गेली, ताई," एवढंच म्हणाला आणि सायकलची घंटी उगाच अंगठ्यानं पुसत राहिला… हौसाआत्या गेली त्याला आता दीड महिना होईल. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. चाकणला सगळी आळी तिला काकू म्हणायची, आणि आळीतलं प्रत्येक तान्हं मूल आपल्याच मालकीचं आहे अशी तिची पक्की समजूत होती. कुणाचं पोर रडलं की ही चार घरं ओलांडून जाणार आणि आधी त्याच्या आईला फैलावर घेणार. मी शाळेत शिकवते म्हणून मला त्यातून सूट होती असं कुणी समजू नये.

तिची गुटी पंचक्रोशीत नावाजलेली. परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर वेखंडाचं एक बेट माजलेलं होतं, तलवारीच्या पात्यांसारखी उभी पानं. त्याची मुळी खणायची, वाळवायची आणि सहाणेवर आईच्या दुधात एक वेढा उगाळून तान्ह्या मुलाला चाटवायची. सासूनं तिला ते बेट दाखवून दिलं होतं, सासूला तिच्या सासूनं. बाजारच्या वेखंडानं पोरं तोंड वाकडं करतात, हौसाकाकूचं मात्र गोड लागतं, असं बायका म्हणायच्या. गोड का लागतं, हे विचारायचं मात्र आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

पुढे गणपतला कारखान्यात काम लागलं, हाताशी सिमेंट आलं आणि त्यानं घराच्या दुसऱ्या अंगाला पक्की न्हाणी बांधली. बेटाकडे जाणारं पाणी बंद झालं. बेट मरणार म्हणून आत्यानं त्याला दोन दिवस शिव्या दिल्या. बेट मेलं नाही. वर्षभर उन्हात करपत पडलं आणि फाल्गुनात त्यातून हातभर उंचीचा एक दांडा निघाला. शिमग्याच्या सुट्टीत मी तिकडेच होते. सकाळी परसात गेले आणि जागच्या जागी उभी राहिले. कागदासारखा पापुद्रा फोडून एक मोठं फूल उमललं होतं. तीन पाकळ्या वर मिटत आलेल्या, तीन खाली ओघळलेल्या, आणि खालच्या पाकळ्यांवर पिवळ्या मऊ केसांची एकेक रेघ. रंग जांभळा म्हणावा तर त्याच्या आत निळा दिसायचा. मी वर्गात फळ्यावर फुलाचे भाग काढून दाखवणारी बाई, पण त्या फुलापुढे माझी सगळी विद्या गप्प झाली. इतकं देखणं काही आमच्या त्या राखेच्या आणि खरकट्याच्या परसात, आमच्या नकळत, इतकी वर्षं दडून होतं… अजूनही आठवलं की अंगावर काटा येतो.

आळी लोटली. कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी नारळ ठेवला. आत्या तेवढी भिंतीला टेकून लांब उभी होती. मला वाटलं, हरखली असेल. जवळ गेले तर तिचा चेहरा उतरलेला.

"आगं, वेखंडाला असलं फूल येत न्हाई," ती हळूच म्हणाली. "मग मी पोरास्नी इतकी वर्सं काय उगाळून दिलं?"

त्या दिवसापासून तिनं गुटी बंद केली. दाराशी पोर घेऊन आलेल्या बाईला आल्या पावली परत पाठवायची, कारण सांगायची नाही. काकूंना आता ताठा चढला, असंही आळीत बोललं गेलं. शेवटी मीच तिला पुण्याला न्यायचं ठरवलं. माझ्या मैत्रिणीच्या ओळखीच्या एक बाई तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. तांब्यात फुलाचा दांडा आणि ओल्या फडक्यात मुळीचा तुकडा घेऊन आत्या एस.टी.त बसली. शेजारच्यांनी फुलाचं नाव विचारलं की ती खिडकीबाहेर बघायची.

बाईंनी फूल हातात घेतलं आणि उलटसुलट फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "हे आयरिस. फारसीत सोसन म्हणतात. इराण, काश्मीर तिकडचं फूल. आपल्याकडे कुणी लावत नाही हो… तुमच्याकडे आलं कुठून?" ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चाकणच्या किल्ल्यापायी कुठकुठल्या फौजा तिथे येऊन गेल्या, त्यातल्या कुणाच्या बागेतलं असेल, नाही तर कबरीवरचं, असं त्या म्हणाल्या. "मुळाशी सदा ओल असली की हे फुलत नाही, कोरडं ऊन लागलं की फुलतं. याला बी सहसा धरत नाही. मुळीचा तुकडा तोडून लावायचा, एवढीच याची वाट. म्हणजे तुमच्या सासूच्या सासूनं जपलं ते आणि आज फुललंय ते झाड एकच आहे." मी त्या तांब्याकडे बघतच राहिले. किती बायकांच्या हातांतून ते एकच झाड आमच्यापर्यंत चालत आलं होतं! आणि सोसनी लुगडं तर आत्या लग्नात नेसली होती. रंगाचं नाव आम्हाला तोंडपाठ होतं, फूल ओळखीचं नव्हतं.

आत्याला यातलं काहीच नको होतं. "इख हाय का ह्येच्यात?" तिनं विचारलं.

बाई म्हणाल्या, ओली मुळी जास्त पोटात गेली तर उलट्या होतील, पोट बिघडेल. वाळलेल्या मुळीचा एक वेढा म्हणजे काहीच नाही. परदेशात तर दात येताना मुलांच्या हातात चघळायला देतात.

"आन म्हैन्याच्या पोराला?"

बाईंनी विचारलं, "तुमचं होतं का?"

आत्यानं मान डोलावली. गणपतच्या आधी तिला एक मुलगा झाला होता, हे मला त्या दिवशी, त्या परक्या खोलीत कळलं.

"एका वेढ्यानं मूल जात नाही, एवढं मी सांगते," बाई म्हणाल्या. "त्यापलीकडे मला सांगता यायचं नाही."

"मुळी वाळली व्हती का वली व्हती, त्येच आठवत न्हाई," आत्या म्हणाली. ती रडली नाही. मीच रडले.

पुढच्या साली मला मुलगी झाली. पोटदुखीनं ती रात्रंदिवस किंचाळायची. मी तिला उचललं आणि सरळ चाकण गाठलं. आत्या नाही नाही म्हणत राहिली. मी मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं आणि बाजूला बसले. मग ती उठली, आतून वेखंडाचा तुकडा आणला. बाजारातला होता, दुकानदाराकडून खात्री करून घेतलेला. सहाणेवर एक वेढा उगाळला, बोटावर घेतला आणि आधी स्वतःच्या जिभेला लावला. डोळे मिटून बसून राहिली. मुलगी रडत होती. मी म्हटलं, "आत्या, हे तर खरं वेखंड आहे ना?"

"नाव ठाव हाय म्हून काय झालं?" ती म्हणाली. "जरा थांब."

पुष्कळ वेळानं तिनं मुलीला चाटवलं. त्यानंतर तिची गुटी पुन्हा सुरू झाली, पण दर वेळी आधी स्वतः चाटून, थांबून. ज्या बाईनं एवढं ओझं छातीवर घेऊन पुन्हा दुसऱ्याच्या लेकराला हात लावला, तिच्याइतकं धैर्य मी कुणात पाहिलेलं नाही. फुलाचं आश्चर्य मला वाटलंच, पण तिचं अधिक वाटतं.

परवा चाकणला गेले होते. शेजारच्या घरची सून बाळंतपणाहून नुकतीच परत आली आहे, खेडची पोर. आत्याला तिनं जेमतेम पाहिलं असेल. ओट्यावर बसून ती वेखंड उगाळत होती. बोट आधी तिनं आपल्याच जिभेला लावलं आणि डोळे मिटून बसली. मांडीवरचं पोर रडून लालबुंद झालेलं. मी विचारलं, "असं का गं करतेस?"

तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे नवलानं पाहिलं.

"म्हंजी? गुटी अशीच देत्यात की," ती म्हणाली.