पाणी येईल त्या दिवशी या

हर्सूलला माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारे हे काका कंपनीतून रिटायर झालेत. मुलाकडे पुण्याला जायचं म्हणून घर विकायला काढलंय, आणि त्याआधीची सगळी डागडुजी ते स्वतःच करतात. मिस्त्रीचं नाव काढलं की म्हणतात, "त्याला काय चार हात हायेत व्हय?" हातोडी उचलण्याआधी चष्मा पुसायचा आणि काम बिघडलं की "असू द्या" म्हणायचं, ही त्यांची रीत.

घर विकायचं असलं तरी नावाची पाटी वाकडी नको, म्हणून त्यांनी दाराशेजारी खिळा ठोकला. तो थेट भिंतीतल्या नळाच्या पाइपमध्ये गेला. हे कळलं मात्र आठवड्यानं, नळाला पाणी आलं तेव्हा; आमच्याकडे ते आठवड्यातून एकदाच येतं. भिंत पाझरायला लागली. काकांनी सिमेंट भरलं, वरून रंग दिला. पुढच्या पाण्याला ओल वीतभर खाली सरकली. "असू द्या."

परवा एक जोडपं घर बघायला आलं. मी तिथंच चहा पीत होतो. बाईंनी भिंतीवरून हात फिरवला. "एकदम कोरडी आहे," त्या म्हणाल्या. मी कपात बघत राहिलो.

काकांनी चष्मा पुसला. "आज कोरडीच लागंल. नळाला पाणी येईल त्या दिवशी या, मग ठरवा."

जोडपं गेल्यावर मी विचारलं, "काका, घर विकायचंय ना?"

"विकायचंय की. पण मी असंन पुण्यात. त्यांच्या शिव्या इथं तुम्हालाच ऐकाव्या लागतेल."