गणपती नसलेली पत्रिका

धोंडूकाकांची पत्रिका मीच परत केली. थट्टा हेडक्लार्कने केली, पण अर्ज नाकारला तो माझ्या हातांनी. हे आधी सांगतो.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मोहोपाड्याच्या एका कारखान्यात मी कामगारांच्या फंडाचे अर्ज बघायचो. फंड नोकरी सुटल्यावर मिळतो. आधी काढायचा तर कारण लागतं. घर, आजारपण, मुलीचं लग्न. लग्नासाठी पत्रिका जोडायची.

काका बॉयलरवर होते. माझ्याच बौद्धवाडीतले. त्यांच्या लेकीच्या पत्रिकेवर बुद्धाचं चित्र, खाली नुसतं ‘सकाळी अकरा वाजता’.

हेडक्लार्कने ती दोन बोटांत धरली. "मुहूर्त नाही, गणपती नाही. हे लग्न आहे की सभेचं हँडबिल?"

सगळे हसले. मीही हसलो. माझं आडनाव गावावरून पडलेलं. मी कोण, ते ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. ते तसंच राहायला हवं होतं मला.

"काका, गणपती छापलेली दुसरी आणा. अर्जापुरती."

"अर्जापुरता गणपती? माज्या बापानं बौद्ध होताना पाताळगंगेत देव सोडले, ते काय अर्जापुरते व्हय रं?"

एवढंच बोलले. मला उघडं पाडायला, हा आमच्याच वाडीतला, असं एक वाक्य त्यांना पुरलं असतं. ते बोलले नाहीत. त्यांनी मला झाकलं.

नियम मला पाठ होता. त्यात ‘लग्न’ एवढाच शब्द आहे. कुणाच्या पद्धतीचं, ते लिहिलेलं नाही.

सोमवारी काका राजीनामा घेऊन आले. "नोकरी सोडली का समदा फंड मिळतो नव्हं? मंग ह्यो घे. पत्रिका बदलणार नाय."

सतरा वर्षांची नोकरी. आणि राजीनाम्यानंतरही फंड लगेच हातात पडत नाही. तोवर लग्न होऊन गेलं असतं.

मी राजीनामा घेतला नाही. पत्रिका मागून घेतली, अर्जाला जोडली, शिफारस लिहून सही केली. हेडक्लार्क म्हणाला, "हे चालणार नाही."

"मग नियम दाखवून लेखी नाकारा. मी वर पाठवतो."

मग उभा राहिलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"काका, मी बौद्ध आहे. ते लपवायला तुमचा अपमान केला. माफ करा. यापुढं मी लपणार नाही. खुर्ची गेली तरी."