फरीदा मिस्त्रीचा तिसरा डबा

घाटंजीच्या आठवडी बाजाराचा दिवस होता. भर दुपारी दीपा भगत फरीदाच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात शिरली. तिच्या खांद्याला गोधडीत गुंडाळलेली गिटार होती आणि हातातल्या पिशवीत दोन लोखंडी डबे, एक हिरवा, एक पिवळा. साबणाच्या दोन वड्या जोडून ठेवल्या तर होतील, एवढेच.

"आपा, यातला कोनता चांगला ते सांग. मंडपवाले वामनराव म्हणते, दोन्ही नेऊन पाह्य आन एक ठेव."

फरीदानं असले डबे जन्मात पाहिले नव्हते. पण तसं कबूल करण्याआधी वस्तू उघडून बघायची, ही तिची सवय. तिनं स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"काय करते हे?"

"गिटारची वायर यात घालाची, यातून आवाजाच्या मशीनमंदी. पायानं दाबलं का आवाज खरखरीत होते. ओव्हरड्राइव्ह म्हणतेत त्याले."

फरीदा हसली. रेडिओचा आवाज पुरा सोडला की शेवटी तो चिरकतो, फाटतो. तो फाटलेपणा काढून देण्यात तिची वीस वर्षं गेली होती. आणि इथं कुणीतरी तोच दोष मोजून-मापून, मुद्दाम भरायचं यंत्र केलं होतं.

"काहून पाह्यजे तुले फाटका आवाज?"

दीपानं सांगितलं. ती अंगणवाडीत शिकवायची आणि सुटीच्या दिवशी कोकिळाबाई पाटलांच्या गायन पार्टीत गिटार वाजवायची. बुद्ध-भीमगीतांची पार्टी, चार बायका आणि तीन पुरुष. मागच्या महिन्यात एका गावी कार्यक्रम झाला. तिथं ढोलकी, कीबोर्ड आणि टाळ्या यांच्यात तिची गिटार कुणाला ऐकूच आली नाही. ऑक्टोबरात राळेगावला मोठा कार्यक्रम होता. धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत होती, आणि त्यासाठी कोकिळाबाईंनी नवं गाणं बांधलं होतं, कापूस वेचणाऱ्या बायांचं.

"बाई म्हणते, या गाण्यात मले गिटार रडताना नाई, भांडताना पाह्यजे. नाई जमलं तर गिटार ठेव आन खंजिरी घे."

"मंग भांडणारा डबा पाहू," फरीदा म्हणाली आणि हिरव्या डब्याचं बूड तिनं उघडलं.

ते दोन हजार सहाचं साल. कापसाची वाईट वर्षं चालू होती. पूर्वी वेचणी झाली की बाजाराच्या दिवशी माणसं रेडिओ, टेप, पंखे काखेत मारून दुकानापुढे रांग लावायची. आता कापूस घरात येई तेव्हा भाव पडलेला असे, आणि रेडिओची दुरुस्ती पुढच्या हंगामावर जाई. त्यात फरीदाचे वडील, मन्सूर मिस्त्री, तीन वर्षांपूर्वी गेले. लग्न मोडून पुसदहून परत आल्यापासून फरीदा त्यांच्याच दुकानात, पडद्यामागं बसून काम करायची. गिऱ्हाईक समजे की मिस्त्रींनी दुरुस्त केलं. मिस्त्री गेल्यावर तीच माणसं दारात येत, बाईला बसलेलं बघत आणि "मंग येतो" म्हणून निघून जात. तिचा धाकटा भाऊ अब्रार तिला रोज सांगे, "आपा, जमाना मोबाईल का है." त्यानं मोबाईल कंपनीचा बोर्ड आणून भिंतीला टेकवूनही ठेवला होता. तो फक्त लावायचा बाकी होता.

हिरव्या डब्यात फार काही नव्हतं. एक आयसी, दोन डायोड, मूठभर रेझिस्टन्स आणि कपॅसिटर. पिवळ्यात थोडं वेगळं. फरीदानं दोन्हींचे नकाशे वहीच्या पानावर काढले, आणि काढता काढताच तिच्या मनात आलं, हे तर मीही करू शकते.

"दीपा, तीन डबे पाहू आपन," ती म्हणाली. "तिसरा माहा."

आठ दिवसांनी तिचा डबा तयार झाला. जुन्या रेडिओतून काढलेले काचेचे डायोड आणि वर प्लास्टिकची साबणदाणी. तो घेऊन त्या वामनरावांच्या गोदामात गेल्या. वामनराव मंडप-डेकोरेशनवाले, स्पीकर, माइक, मशीन सगळं त्यांच्याकडचंच असे. कोकिळाबाईही आल्या होत्या.

दीपानं आधी पिवळा लावला. गोदामाचे पत्रे थरथरले.

"हा!" वामनराव म्हणाले. "पाहाचं कामच नाई. हाच घ्या."

मग हिरवा. तो जरा दबलेला वाटला. कोकिळाबाईंनीही पिवळ्याकडेच बोट केलं.

फरीदा उठली. "काका, पिवळा मोठा वाजून राह्यला, म्हणून चांगला वाटून राह्यला. दोघायचा आवाज सारका करू, मंग बोला."

"आवाज तो आवाज. त्यात सारका काय करतं?"

फरीदानं पिशवीतून काट्याचं मीटर काढून स्पीकरच्या तारांना जोडलं. दीपाला एकच तार, एकाच जोरानं छेडायला लावली आणि दोन्ही डब्यांच्या खुंट्या फिरवून काटा एकाच रेघेवर आणला. "आता तोंड तिकडं करा," ती कोकिळाबाईंना म्हणाली, "आन कोनता डबा हाय ते न पाहता सांगा."

या खेपेला कोकिळाबाईंनी हिरवा निवडला. तीनदा विचारलं, तीनदा हिरवाच. पिवळ्यात खालचा आणि वरचा सूर भरलेला, पण मधला पोकळ होता. हिरव्यात मधला सूर पुढं येत होता, माणसाचा गळा असतो तिथला. वामनराव हनुवटी खाजवत मीटरकडे पाहत राहिले.

"आता तुमचा लावा," कोकिळाबाई म्हणाल्या.

दीपानं तिसरा डबा जोडला आणि पायानं दाबला. घूं असा आवाज आला. त्या घूंमागून पुसट, पण कुणालाही कळेल असा एक माणूस बोलू लागला. आकाशवाणीवरचे बाजारभाव चालले होते. लांब धाग्याचा कापूस, मध्यम धाग्याचा कापूस.

गोदाम हसण्यानं भरलं. वामनरावांनी खुर्चीचा आधार घेतला. "फरीदाबाई, रेडिओचा मिस्त्री काई बी बनवो, त्याचा रेडिओच बनते!"

दीपाही हसली, मग तिला आपल्या हसण्याची लाज वाटली. फरीदा हसली नाही. तिनं डबा काढून पिशवीत टाकला आणि म्हणाली, "बाई, आजच्या दिवशी हिरवा जिंकला. तो वाजवत राहा. राळेगावच्या आधी मी अजून एकदा येईन. तव्हा बी पसंत नाई पडला, तर हिरवाच घ्या."

घरी जाताना तिचा चेहरा तापला होता. पण रस्त्यानं तिच्या डोक्यात चालू होतं ते दुसरंच. काचेचा डायोड रेडिओत तेच तर काम करतो, हवेतलं स्टेशन पकडायचं. उघड्या प्लास्टिकमध्ये त्याला बसवला, मग त्यानं स्टेशन पकडलं तर त्यात त्याचा काय गुन्हा? म्हणजे त्याला लोखंडात कोंडायचं. बाजारातल्या वायरिंगवाल्याकडून तिनं भिंतीत बसवायची लोखंडी पेटी आणली आणि भोकं स्वतः पाडली.

त्या दिवसांत लोडशेडिंग असं होतं की सकाळी लाईट गेली की दुपारी तीनपर्यंत नाव नसे. लाईट असेल तेवढ्यात कथील वितळवायचं, गेली की वहीत आकडे मांडायचे. दोन डायोड इकडून आणि एक तिकडून लावला तर आवाज कसा होतो, दोन्हीकडून सारखे लावले तर कसा, प्रत्येक जोडणी ती दीपाकडून वाजवून घेई आणि शेजारी हिरवा ठेवी. हिरव्याशी ताडून पाहिल्याशिवाय ती एकही जोडणी पक्की करत नसे.

"आपा, हा बरा वाटते," दीपा एकदा दमून म्हणाली.

"बरा नको. हिरव्यापेक्षा काय येगळा करते, ते सांग."

दीपानं पुन्हा वाजवलं. कान देऊन ऐकलं. "हिरवा गोड आहे. सगळ्या तारा एकसारख्या पुसून काढते. हा... जोरात छेडलं का तुटते, हळू छेडलं का सोडून देते. कोकिळाबाईचा गळा वर जाताना चिरकते ना, तसा."

फरीदानं त्या जोडणीभोवती वहीत गोल काढला.

त्याच आठवड्यात अब्रारनं बोर्ड लावायला खिळे आणले. "आपा, किती दिवस? एक गिटारवाली गिऱ्हाईक, तिचं बी पक्कं नाही."

"राळेगाव होऊ दे."

"और फिर?"

"मंग तू अर्ध्या दुकानात मोबाईल लाव. अर्धं माहं. बोर्ड मात्र तुह्या अर्ध्यावर मावला पाह्यजे." अब्रारनं बोर्डाची लांबी पाहिली, बहिणीचा चेहरा पाहिला आणि खिळे खिशात घातले.

राळेगावच्या पाच दिवस आधी फरीदानं पुन्हा सगळ्यांना बोलावलं, पण गोदामात नाही. "तुमचा कार्यक्रम पत्र्याखाली हाय काय? मंग पत्र्याखाली काहून पाहाचं?" शाळेमागच्या मोकळ्या मैदानात वामनरावांनी कुरकुरत स्पीकर लावले. ढोलकी बसवली, कीबोर्ड बसवला. मीटरनं तिन्ही डबे एका रेघेवर आणले. कोकिळाबाई शंभर पावलं लांब जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

नुसती गिटार वाजली तेव्हा त्यांनी पहिल्या नंबरला हात वर केला. तो हिरवा होता. संथ चालीत त्यांना चक्क पिवळाही आवडला. तिसऱ्याला त्या म्हणाल्या, "जरा टोचते."

फरीदा लगेच म्हणाली, "आता ढोलकी आन कीबोर्ड घेऊन. आन बाई, तुम्ही बी गा, तठूनच."

कोकिळाबाईंनी पाठमोऱ्याच नवं गाणं सुरू केलं. पिवळा डबा कीबोर्डखाली बुडाला. हिरवा दिसत-लपत राहिला. तिसऱ्यावर दीपानं पहिलाच तुकडा छेडला आणि कोकिळाबाई गाताना वळल्या. त्या शंभर पावलं गात गातच चालत आल्या, दीपासमोर उभ्या राहिल्या आणि शेवटच्या ओळीला गिटार आणि त्यांचा आवाज एकमेकांना भिडले. वेचणीला गेलेल्या बाईनं मुकादमाला सुनवावं, तसं ते दोघींचं चाललं.

गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "हा कोनता?"

"तिसरा," दीपा म्हणाली.

"एकटी असताना टोचते," कोकिळाबाई फरीदाला म्हणाल्या, "पन मले एकटीनं कुठं गावाचं आहे?"

वामनरावांनी तिसरा डबा हातात घेतला, उलटा केला, स्क्रू पाहिले आणि परत जपून खाली ठेवला.

राळेगावला माणसं मावत नव्हती. एसटीनं, सायकलींवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया आल्या होत्या. कार्यक्रम दुपारचा. दोन गाणी झाली आणि लाईट गेली. जनरेटर सुरू झाला तशी कीबोर्डच्या मशीनमधून घूंघूं यायला लागली. स्टेजवरच्या एका पाहुण्या कलाकाराचा डबा विजेवर चालणारा होता. तोही घूंघूं करू लागला. फरीदानं आपला डबा बॅटरीवर ठेवला होता. लोडशेडिंगच्या गावात राहणारीला दुसरं सुचणारही नव्हतं.

ती गर्दीच्या अगदी मागं, जनरेटरच्या बाजूला उभी होती. इथं ऐकू आलं तर कुठंही ऐकू येईल, हा तिचा हिशेब. दीपानं अनवाणी पायानं डबा दाबला. जनरेटरची घरघर, ढोलकी आणि हजारो माणसांची कुजबुज यांतून ती तार निघाली आणि सरळ फरीदापर्यंत आली. पुढं बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली. मग तिच्या बाजूची. तिसऱ्या कडव्याला बायांची अर्धी बैठक उभी होती आणि गाणं पहिल्यांदा ऐकूनही धृपद म्हणत होती. फरीदानं ओढणीनं घाम पुसला तेव्हा तिला कळलं, की आपणही मोठ्यानं म्हणतोय.

त्यानंतर फार मोठं काही घडलं नाही, पण घडायचं ते घडलं. अब्रारनं अर्ध्या दुकानात मोबाईल लावले आणि ते चालले. उरलेल्या अर्ध्यात वामनराव आपली मशीनं आणू लागले, पहिल्यांदा आले तेव्हा मशीन टेबलावर ठेवून नुसतंच म्हणाले, "घूंघूं करून राह्यलं." दीपानं खंजिरी कधीच हातात घेतली नाही. फरीदाच्या डब्याची गोष्ट गायन पार्ट्यांतून दारव्हा, आर्णी, पुसदपर्यंत गेली. वर्षात तिनं नऊ डबे केले. प्रत्येक वेळी दीपाकडून हिरवा मागून आणला आणि शेजारी ठेवून ताडला. दोन डबे तिला हिरव्यापुढं फिके वाटले; ते तिनं विकले नाहीत, उघडून पुन्हा केले.

दुसऱ्या हिवाळ्यात ती दहावा डबा घेऊन एसटीनं पुसदला गेली. लग्न मोडल्यापासून त्या गावात तिनं पाय ठेवला नव्हता. बाजारातल्या एका बॅन्डच्या खोलीत एका दाढीवाल्या गिटारवाल्यानं तो डबा लावला, दोन मिनिटं वाजवला आणि तोंड वाकडं केलं.

"बाई, ह्यो लय भांडते. मले गोड पाह्यजे."

फरीदानं पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर, बॅटरीवरची सोल्डरिंगची सळई आणि मीटर काढलं आणि जमिनीवर मांडी घातली.

"वाजवत राय," ती म्हणाली. "गोड मंजे किती गोड, ते मले ऐकू दे."